थकलेल्या आवाजाची लय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बिली हॉलिडे या अमेरिकन जॅझ गायिकेच्या ‘लेडी इन सॅटिन’ या १९५८ सालच्या ध्वनिमुद्रिकेची एक छोटी शिफारस आम्ही गेल्या अंकात छापली होती. सुमारे चाळीस वादकांच्या वाद्यवृंदाबरोबर गायिलेल्या, संथ लयीतील विरहगीतांची ही तबकडी आमच्या वाचकांनी एकदा ऐकावी, एवढेच तिच्यात म्हटले होते. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी येथून पत्रे आली. काहींना ती भावली, काहींना मुळीच रुचली नाही, आणि न रुचलेल्यांनीच अधिक मन लावून लिहिले आहे. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरी गाणे ऐकण्याची जुनी सवय आहे. वडील आकाशवाणी धारवाडवरचे शास्त्रीय गायन चुकवीत नसत आणि तीच गोडी आम्हांला लागली. आपली शिफारस वाचून मुलाने ही तबकडी मोबाइलवर लावून दिली. बाईंचा आवाज खरखरीत आहे, दम पुरत नाही आणि स्वर शेवटी खाली घसरतो. आवाज असा झाला की गवयाने मैफिलीतून उठावे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग हिला थोर का म्हणायचे? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आपल्या कानांनी जे टिपले ते तसेच आहे. १९ ते २१ फेब्रुवारी १९५८ या तीन दिवसांत न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा बिली हॉलिडे अवघ्या ४२ वर्षांच्या होत्या. परंतु मद्य आणि हेरॉइन यांनी त्यांचे शरीर पोखरले होते, आणि पुढच्याच वर्षी, १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ही शेवटची तबकडी आहे. टेडी विल्सन या पियानोवादकाच्या छोट्या संचाबरोबर १९३५ पासून त्यांनी जी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतला खेळकर, उजळ स्वर आपण आधी ऐकलात आणि नंतर ही तबकडी लावलीत, तर काय हरवले आहे ते अधिकच जाणवेल.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी, अशी माझी विनंती आहे. ऐन तारुण्यातही त्यांचा आवाज मोठा नव्हता. त्याचा पल्ला एका सप्तकाहून थोडाच अधिक होता. ज्यांना त्या आदर्श मानीत, त्या बेसी स्मिथ यांच्यासारखा सभागृह भरून टाकणारा आवाज त्यांना कधीच लाभला नाही. मायक्रोफोनजवळ उभे राहून, बोलण्याच्या अंतरावरून गाणे हीच त्यांची रीत होती. त्यांची खरी मिळकत दोनच गोष्टींची होती : लय आणि शब्द. या दोन्ही १९५८ साली शाबूत आहेत, एवढेच नव्हे तर अधिक धारदार झालेल्या आहेत, आणि माझ्या मते या तबकडीचे सारे मोल तेथेच आहे.

लयीचे पाहा. ठुमरी गाणारी कसलेली गायिका ठेका आपल्या जागी चालू देते आणि बोल त्याच्या किंचित मागे रेंगाळत ठेवते. ऐकणाऱ्याला वाटते की आता सम निसटणार, आणि नेमकी त्याच क्षणी ती समेवर येते. बिली हॉलिडे यांचे जॅझमधील काम याच जातीचे आहे. या तबकडीत मिल्ट हिंटन यांचा डबल बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) संथपणे काळ मोजत राहतो आणि गायिकेचा शब्द त्या मात्रेनंतर येतो, कधी किंचित उशिरा, कधी इतक्या उशिरा की ओळ आता पुरी कशी होणार याची काळजी वाटावी. ती पुरी होते. दम अपुरा असल्यामुळे त्यांना ओळीचे लहान लहान तुकडे करावे लागतात हे खरे, परंतु ते तुकडे कोठे करायचे हा निर्णय फुप्फुसाने घेतलेला नाही, अर्थाने घेतलेला आहे. ‘यू हॅव चेंज्ड’ हे गाणे यासाठी मुद्दाम ऐकावे. आपल्या माणसाचे मन पालटले आहे, हे ओळखलेली स्त्री त्यात बोलते आहे. ती आक्रोश करीत नाही, एकेक खूण सांगत जाते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर लांबविण्याऐवजी खाली सोडून देते. आपण ज्याला घसरणे म्हटले आहे, ते पुष्कळ ठिकाणी असे ठरवून केलेले आहे. सगळीकडे नाही, हेही मान्य करतो. काही जागी स्वर खरोखर डळमळतो आणि सावरायला वेळ लागतो.

आवाज बिघडला की गवयाने उठावे, हा नियम मला सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. जे आता गळ्यातून निघत नाही तेच पुन्हा काढण्याचा अट्टहास गवई करू लागला, तर ऐकवत नाही. पण आपल्याच भागात याहून वेगळी उदाहरणे घडली आहेत. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व यांचे एक फुप्फुस क्षयाने निकामी झाले आणि देवासला काही वर्षे त्यांना गाणे बंद ठेवावे लागले. ते परतले तेव्हा लहान, नेमक्या स्वरसमूहांचे आणि अर्थपूर्ण विरामांचे गाणे घेऊन परतले. (त्यांच्या शैलीचे सगळे श्रेय आजाराला देणे मात्र अन्यायाचे होईल, त्यामागे स्वतंत्र विचार होता.) गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांतला आवाज बारीक आणि उंच आहे, पुढे घशावरील उपचारांनंतर तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला, आणि त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याची आलापी उभी केली. आज गंगूबाई म्हटले की आपल्याला तो दुसराच आवाज आठवतो.

ही तुलना फार ताणू नये, कारण या दोघांना नवा आवाज घडवायला पुढे कित्येक वर्षे मिळाली आणि बिली हॉलिडे यांना ती मिळाली नाहीत. परंतु गळ्यात जे उरले आहे त्यालाच सामग्री मानून गाणे उभे करायचे, हा निश्चय तिघांतही आहे. वडिलांबरोबर आपण धारवाडहून ज्यांचे गाणे ऐकलेत, त्यांत ही मंडळी असणारच. म्हणून आपण या तबकडीला आणखी एक संधी द्यावी असे सुचवितो.

प्रश्न : मी मुलांना पेटी शिकवितो. बिली हॉलिडे यांना कोठे जॅझ गायिका तर कोठे ब्लूज गायिका म्हटलेले वाचले. ब्लूज हा आपल्या रागासारखा काही प्रकार आहे काय? आणि या तबकडीत तो कोणत्या गाण्यात ऐकावा? (एक संगीतशिक्षक, खानापूर)

उत्तर : ब्लूज हा राग नव्हे, तो एक बांधा आहे आणि स्वर लावण्याची एक पद्धतही आहे. त्याचा सर्वांत रूढ बांधा बारा खंडांचा असतो. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे एक आवर्तन ४८ मात्रांचे. त्यात तीन ओळी येतात : पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिला उत्तर देणारी तिसरी. साथीतील स्वरसंघात (एकत्र वाजविलेले स्वर) षड्ज, मध्यम आणि पंचम या तीन ठिकाणांवरून ठरलेल्या क्रमाने फिरतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय लोकांच्या कष्टाच्या आणि प्रार्थनेच्या गाण्यांतून हे आकाराला आले, आणि जॅझने आपल्या जन्मापासून त्यातून पुष्कळ काही घेतले.

स्वर लावण्याची गोष्ट आपल्याला अधिक रस वाटेल अशी आहे. ब्लूजमधील गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेवर रेंगाळतो. निषादाचेही तसेच, आणि कित्येकदा पंचमही खाली ओढला जातो. ही जागा आपल्या पेटीवर सापडणार नाही. ती पियानोवरही नाही, म्हणून ब्लूज वाजविणारे पियानोवादक लगतच्या दोन पट्ट्या एकत्र किंवा एकीवरून दुसरीवर घसरत दाबून तिचा भास निर्माण करतात. गळा, ट्रॉम्बोन (नळी मागेपुढे सरकवून वाजवायचे पितळी वाद्य) आणि तारा ओढून वाजविलेले गिटार यांना ती सहज साधते. मींड आणि श्रुती यांची ओळख असलेल्या कानाला ती लगेच कळावी.

आता दुसरा प्रश्न. या तबकडीत बारा खंडांच्या बांध्याचे एकही गाणे नाही. बिली हॉलिडे यांनी स्वतः रचलेले तसे गाणे ऐकायचे असेल, तर १९३९ साली त्यांनी प्रथम ध्वनिमुद्रित केलेले ‘फाइन अँड मेलो’ शोधावे. डिसेंबर १९५७ मध्ये, म्हणजे या तबकडीच्या केवळ दोन-तीन महिने आधी, त्यांनी ते दूरचित्रवाणीवर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्याबरोबर गायिले आणि त्याचे चित्रमुद्रणही उपलब्ध आहे. ‘लेडी इन सॅटिन’मधली गाणी बहुतांशी अमेरिकन नाटके, चित्रपट आणि लोकप्रिय गीतांच्या बाजारातून आलेली आहेत. रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट या जोडीची त्यांत दोन आहेत : ‘इट्स ईझी टू रिमेंबर’ हे १९३५च्या एका चित्रपटातले आणि ‘ग्लॅड टू बी अनहॅपी’ हे १९३६च्या एका संगीत नाटकातले. मूळ नाटक विस्मरणात जावे आणि त्यातले पद मात्र पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या गायकांनी आपापल्या अंगाने गावे, हे नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. जॅझ गायकांचा बहुतेक संसार अशाच पदांवर चालतो. बिली हॉलिडे त्या पदांत जे ब्लूजचे पाणी मिसळतात ते स्वराच्या त्या मधल्या जागांमधून; म्हणूनच दोन्ही विशेषणे त्यांना लागू पडतात.

प्रश्न : गायिका चांगली आहे, पण मागे सतत व्हायोलिनांचा गोडवा आहे. एखाद्या जुन्या हिंदी चित्रपटाचे पार्श्वसंगीत ऐकल्यासारखे वाटते. जॅझमध्ये हे चालते काय? की कंपनीने खपासाठी हे लादले? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : लादले नाही. बिली हॉलिडे यांनी स्वतः ते मागितले. रे एलिस या संगीत-संयोजकाची वाद्यवृंदाची एक तबकडी त्यांनी ऐकली होती आणि आपल्या गाण्यामागे असेच व्हायोलिनांचे काम असावे, अशी इच्छा धरून त्या कोलंबियाकडे गेल्या. ही हौस नवी नव्हती. १९४४ साली डेका कंपनीसाठी ‘लव्हर मॅन’ हे गाणे करतानाही त्यांनी तंतुवाद्यांचा आग्रह धरला होता, आणि त्या काळी जॅझ गायिकेला अशी साथ क्वचितच मिळत असे. १९५०च्या दशकात नॉर्मन ग्रँझ या निर्मात्यासाठी त्या छोट्या संचाबरोबर गात होत्या. ते काम उत्तम आहे, परंतु मोठ्या वाद्यवृंदासमोर उभे राहण्याची त्यांची इच्छा तशीच राहिली होती.

आपल्याला आठवलेली हिंदी चित्रपटाची जातकुळी मात्र अगदी योग्य आहे. चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यातून मुंबईला गेलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी आपल्या चित्रपटसंगीतात तंतुवाद्यांचे असेच थर रचले. त्यांच्यापैकी कित्येकांचे हात पाश्चात्त्य अभिजात संगीतावर तयार झालेले होते आणि अनेकांनी मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये वाजविलेले होते. गाण्याच्या दोन ओळींमधली जागा व्हायोलिनांनी भरायची, गायक शब्दावर आला की मागे सरायचे, आणि एकट्या पितळी वाद्याला मध्येच बोलू द्यायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर तंतुवाद्ये मला आवडतात आणि मागच्या स्त्रियांच्या कोरसशिवाय ही तबकडी अधिक चांगली झाली असती असे वाटते. व्हायोलिनांचा गुळगुळीतपणा आणि गायिकेच्या आवाजाचा चरा यांच्यातील अंतरामुळे तो चरा स्पष्ट ऐकू येतो. छोट्या संचात तो इतका उघडा पडला नसता. कोरस ते अंतर बुजवतो. जे. जे. जॉन्सन आणि अर्बी ग्रीन हे त्या काळचे अव्वल ट्रॉम्बोनवादक या वाद्यवृंदात होते. आपण व्हायोलिनांना कंटाळला असाल, तर एक वेळ केवळ ट्रॉम्बोनकडे लक्ष ठेवून पहिले गाणे ऐकावे. त्या वाद्याची मींड गायिकेच्या गळ्याच्या फार जवळ जाते.

प्रश्न : माझ्याकडील यादीत अकरा गाणी आहेत, मित्राकडील यादीत बारा. कोणती खरी? (एक विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर : दोन्ही. त्या वर्षी तबकड्या मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) आणि स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा आवाज) अशा दोन रूपांत निघू लागल्या होत्या. ‘द एंड ऑफ अ लव्ह अफेअर’ या गाण्याचा वाद्यवृंद आधी मुद्रित झाला आणि गायन त्यावर नंतर चढविण्यात आले. हे काम मोनोमध्येच झाल्यामुळे स्टिरिओ आवृत्तीत ते गाणे नव्हते. नंतरच्या पुनर्मुद्रणांत ते मिळते, आणि काहींत त्याच गाण्याचे फसलेले प्रयत्नही जोडलेले आहेत. ज्या जागेत हे सारे झाले, तो कोलंबियाचा तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओ पूर्वी एक चर्च होता. उंच छतामुळे तेथे आवाजाला नैसर्गिक गुंज मिळे. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही विख्यात तबकडी पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, त्याच जागी मुद्रित झाली.

प्रश्न : मला हे ऐकताना अपराधी वाटले. एका आजारी, व्यसनाने खचलेल्या बाईचे दुःख आपण दिवाणखान्यात बसून चवीने ऐकतो आहोत, असे मनात आले. त्या कंपनीने तिला गाऊ द्यायलाच नको होते, असे आपल्याला वाटत नाही काय? (एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : ताई, आपल्या पत्राला उत्तर देण्यासाठी मी सर्वांत अधिक वेळ घेतला. आपण म्हणता तशी नजर पुष्कळांनी बिली हॉलिडे यांच्यावर टाकली आहे, आणि त्यांचे गाणे म्हणजे केवळ त्यांच्या हालांचा दाखला, असे मानणारे लेखन विपुल आहे. त्यांच्यावर झालेला अन्याय खरा होता. १९४७ साली अमली पदार्थ बाळगल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातील तुरुंगात काही महिने काढले. व्यसनाला आजार समजून उपचार करण्याची दृष्टी तेव्हा कायद्याला नव्हती. सुटल्यानंतर त्याहून मोठा फटका बसला : न्यूयॉर्कमध्ये जेथे दारू विकली जाते अशा ठिकाणी गाण्यासाठी पोलिसांचा परवाना लागत असे, आणि तो त्यांना पुन्हा मिळाला नाही. ज्या क्लबांमध्ये त्या घडल्या, ज्यांतून त्यांची रोजची मिळकत होई, ते त्यांच्या स्वतःच्या शहरात त्यांना बंद झाले. मोठी सभागृहे, परगावचे दौरे आणि ध्वनिमुद्रण एवढेच मार्ग उरले. अशा वेळी ‘गाऊ द्यायला नको होते’ असे म्हणणे म्हणजे त्यांचा उरलेला मार्गही आपल्या दयेपोटी बंद करणे होय.

शिवाय येथे त्या केवळ सोसणाऱ्या नव्हेत, निवड करणाऱ्या आहेत. संयोजक त्यांनी निवडला, वाद्यवृंद त्यांनी मागितला. रे एलिस यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे की ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते निराश झाले होते. स्वरांतील दोष तेवढे त्यांना ऐकू येत होते. काही आठवड्यांनी अंतिम मिश्रण ऐकताना मात्र आपण काय ऐकायचे सोडून काय ऐकत होतो, हे त्यांना उमगले. ‘आय ॲम अ फूल टू वाँट यू’ हे पहिले गाणे मुद्रित झाल्यावर पुन्हा ऐकताना बिली हॉलिडे यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, अशी आठवणही त्यांनी नोंदविली आहे. आपले काम साधले की नाही, याची सर्वांत कठोर पारख असलेली व्यक्ती त्या खोलीत तीच होती.

म्हणून मी आपल्याला एवढेच सांगेन की अपराधी वाटत असेल, तर त्यांचे चरित्र काही काळ बाजूला ठेवावे आणि एखाद्या गाण्यातले काम तपासावे. ‘आय गेट अलाँग विदाउट यू व्हेरी वेल’ घ्या. होगी कारमायकल यांच्या या १९३९च्या गीतातील स्त्री म्हणते की तुझ्यावाचून माझे ठीक चालले आहे, आणि लगेच अपवाद मोजू लागते. बिली हॉलिडे तो ‘ठीक’पणा किती सरळ, किती शांतपणे उच्चारतात आणि अपवादाच्या ओळीवर केवढा थोडा भार देतात, ते पाहावे. हे स्वतःच्या दुःखाने वाहून गेलेल्या माणसाचे गाणे नव्हे. यात विचार आहे, संयम आहे आणि पंचवीस वर्षांचा रियाज आहे.

प्रश्न : मला जॅझची काहीच ओळख नाही. थेट हीच तबकडी ऐकू की आधी दुसरे काही? (एक वाचक, अनगोळ, बेळगाव)

उत्तर : आधी दुसरे काही. १९३७ च्या सुमारास टेडी विल्सन आणि लेस्टर यंग यांच्याबरोबरची त्यांची चार-सहा गाणी ऐकावीत. प्रत्येक गाणे जेमतेम तीन मिनिटांचे, कारण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तेवढेच मावे. मग १९४४चे ‘लव्हर मॅन’, मग १९५७चे ‘फाइन अँड मेलो’, आणि त्यानंतर ‘लेडी इन सॅटिन’. इंग्रजी बोल कानाला अवघड जात असतील, तर पहिल्या वेळी ते समोर छापील ठेवावेत, कारण या गायिकेच्या बाबतीत शब्द सुटला तर अर्धे गाणे सुटते.

मूळ तबकडीच्या दोन बाजू आहेत आणि सगळे मिळून सुमारे पाऊण तास लागतो, पण इतकी संथ गाणी सलग ऐकली की नवख्या कानाला ती एकसारखी वाटू लागतात. पहिल्या दिवशी ‘आय ॲम अ फूल टू वाँट यू’पासून ‘व्हायोलेट्स फॉर युवर फर्स’पर्यंतची सहा ऐकून थांबावे, दुसरी बाजू ‘यू हॅव चेंज्ड’ने सुरू होते, ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. मोबाइलवर ऐकणार असाल, तर गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय बंद असल्याची खात्री करावी आणि शक्य असेल तर बाराही गाणी असलेली आवृत्ती निवडावी.